गणवेशापासून मत्स्यकन्येपर्यंत : आमची वाटचाल

सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आणि टॉवेल आठवतो. शाळेचे गणवेशही इथून दूरदूर जातात. वडिलांनी आमचा कारखाना काढला तो गणवेशासाठीच. पण जूनमध्ये शाळा उघडल्या की मशिनं थंडावायची, ती थेट डिसेंबरच्या स्नेहसंमेलनांपर्यंत. शिलाईला येणाऱ्या बऱ्याच जणी शहराच्या पूर्व भागातल्या, विड्या वळणं सोडून मशिनवर बसलेल्या. मधले महिने त्यांना काय द्यायचं, हा दरवर्षीचा घोर.

त्या शोधात हॅलोविन हाती लागला. ३१ ऑक्टोबरचा हा सण. उन्हाळा सरून हिवाळा लागतानाच्या आयर्लंड-ब्रिटनकडच्या जुन्या केल्टिक लोकांच्या सणात त्याचं मूळ. आता पुण्या-मुंबईच्या, बेंगळुरूच्या सोसायट्यांतही पोरं सोंगं घेऊन खाऊ मागत फिरतात. आई म्हणते, पितृपक्ष आत्ता कुठे सरला, लगेच कसली भुतं? आमचं म्हणणं, काम आहे तर शिवायचं.

सिनेमातली पात्रं शिवायची तर परवाना लागतो आणि तो आमच्या आवाक्यातला नाही. लोककथेतल्या जिवांवर कुणाचाच हक्क नाही. म्हणून मत्स्यकन्या घेतली, आणि तिच्या मागोमाग बाकीचे अर्धे माणूस, अर्धे जनावर असे सगळे आले.

या कामात खरी मेख कमरेला आहे. माणूस संपतो आणि मासा सुरू होतो, ती शिवण दिसली की सोंग उघडं पडतं. आम्ही तिथे खवल्यांच्या दोन-तीन ओळी वेगळ्या कापून वरच्या कापडावर चढवतो. खाली शेपटी बंद ठेवली तर मुलाला पाऊल टाकता येत नाही, म्हणून गुडघ्याखाली घेर मोकळा आणि शेपटीचे पर मागून जोडलेले. लायक्राचा ताण अंगाभोवती आडवा यायला हवा, नाहीतर पोर खाली बसलं की कमर उसवते. झुळझुळीत लांब बाह्या आम्ही लावतच नाही. या सणात जागोजागी दिवे असतात आणि जाळीचं कापड चटकन पेट घेतं. युरोपात तर मुलांची अशी सोंगं खेळण्यांच्या नियमात येतात. कापडावर ज्योत सेकंदाला ३० मिलिमीटरपेक्षा वेगानं पसरता कामा नये.

स्कॉटलंडची सेल्की आमची लाडकी. ती सील या समुद्री प्राण्याचं कातडं उतरवून किनाऱ्यावर बाई होते. ते कुणी लपवलं तर तिला समुद्रात परतता येत नाही. म्हणजे सांधाच नको! साधा फ्रॉक, वरून टोपीसकट राखाडी झगा, आणि झगा काढता आला पाहिजे. ग्रीकांची सायरन, म्हणजे गाण्यानं खलाशांना भुलवणारी बाई, मुळात पक्ष्याच्या धडाची. माशाची शेपटी तिला मध्ययुगात लागली. गिऱ्हाइकाला पंखवाली दाखवली तरी ते शेपटीवालीच उचलतं.

आपल्याकडचं गंडभेरुंड मात्र बेंगळुरूला हातोहात जातं. कर्नाटकच्या राजचिन्हावरचा हा दोन तोंडांचा पक्षी तिथे पोरांनाही ओळखीचा. दुसरं तोंड फोमचं, खांद्यावर बसवलेलं, वजनाला हलकं.

सध्या टेबलावर ओडिशाचा नवगुंजर आहे. कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सिंहाची कंबर, सापाची शेपूट, वर माणसाचा हात... नऊ जीव एकाच अंगात. कटिंग मास्तर नऊ कपड्यांची मजुरी मागताहेत. दर अजून ठरलेला नाही.