नोडचं परमिशन मॉडेल लावलंय? आधी फाइलचा मालक बघा

उद्यमनगरातल्या फाउंड्रीचं बिलिंग असो की मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्याच्या पट्ट्या, मागे नोड जेएस (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) चालत असेल तर हे बघून घ्याच.

२०२३ मध्ये नोड २० बरोबर परमिशन मॉडेल आलं. परमिशनचा फ्लॅग (कमांडमध्ये द्यायचा पर्याय) लावून प्रोसेस चालू केली की फाइल वाचणं-लिहिणं बंद होतं. जे हवं ते ‘अलाउ-एफएस-रीड’ आणि ‘अलाउ-एफएस-राइट’ मध्ये पाथ (फाइलचा पत्ता) देऊन उघडायचं. सोय चांगली आहे, जरूर वापरा.

पण तपासणी होते ती पाथची. फाइल उघडली की हातात डिस्क्रिप्टर येतो, म्हणजे नुसता एक आकडा, आणि त्यावर हे मॉडेल लक्ष ठेवत नाही. सीव्हीई-२०२४-३६१३७ ही त्रुटी (सीव्हीई म्हणजे जाहीर सुरक्षा-त्रुटीचा नोंद क्रमांक) नेमकी इथलीच. राइटचा फ्लॅग वापरणाऱ्या प्रोसेसमध्ये, फक्त वाचायला उघडलेल्या फाइलचा डिस्क्रिप्टर ‘एफचमॉड’ किंवा ‘एफचौन’ला दिला की त्या फाइलच्या परवानग्या आणि मालकी बदलता यायची. लिनक्स का अडवत नाही? कारण चमॉड करताना, म्हणजे परवानग्या बदलताना, कर्नल (लिनक्सचा गाभा) फाइलचा मालक कोण एवढंच बघतो, ती कशासाठी उघडली होती ते नाही. आणि आपल्याकडे कोड, सेटिंग, डेटा सगळं एकाच युजरच्या नावावर पडलेलं असतं! खरं दुखणं हे आहे. जुलै २०२४ मध्ये २०.१५.१ आणि २२.४.१ या आवृत्त्यांत ही फट बुजवली.

ताराचिन्हाचंही बघा. पाथमध्ये ‘*.पब’ लिहिलं तर ताऱ्यापुढचं ‘पब’ सोडून दिलं जातं आणि फोल्डरमधलं सगळंच उघडं पडतं (सीव्हीई-२०२४-२१८९०). तारा फक्त शेवटी. सिमलिंक (दुसऱ्या फाइल-फोल्डरकडे नेणारी वाट) तर परवानगीच्या फोल्डरबाहेरही नेते. अपलोडचं झिप उलगडताना आतल्या सिमलिंक गाळा.

म्हणून नोड अपडेट करून थांबू नका. ॲपला वेगळा युजर द्या. कोड आणि सेटिंग रूटच्या (सिस्टमच्या मुख्य युजरच्या) मालकीचं, ग्रुप ॲपचा, परवानग्या फाइलला ६४०, फोल्डरला ७५०, म्हणजे लिहिणं फक्त मालकाला, ग्रुपला वाचणं, बाकीच्यांना काहीच नाही. ॲपच्या मालकीचं फक्त डेटाचं फोल्डर. सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारा प्रोग्रॅम) सर्व्हिस फाइलमध्ये ‘प्रोटेक्टसिस्टम=स्ट्रिक्ट’ टाका, म्हणजे ॲपला लिहिणं बंद होतं, आणि ‘रीडराइटपाथ्स’मध्ये तेवढंच फोल्डर द्या. मग ॲपच्या युजरने सेटिंगच्या फाइलवर चमॉड मारून बघा: ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आलं तर बरोबर, काहीच न बोलता चाललं तर मालकी अजून चुकीची आहे.