गॅरेजमधली सेव्हन

आमच्या कॉव्हेंट्रीच्या घरातलं गॅरेज सध्या गाडी ठेवायला नाही, घडवायला आहे. लोटस सेव्हन या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीची, दोन सीटची, बिनछपराची. मूळ सेव्हन लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमननं 1957 मध्ये आणली. तेव्हा इंग्लंडात तयार गाडीवर खरेदीकर लागायचा, सुट्या भागांवर नाही. म्हणून लोक ती खोक्यांतून आणून घरीच जोडायचे. 1973 मध्ये व्हॅट आला, ती सवलत गेली. हौस मात्र टिकली.

चासिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, 25 मिलिमीटरच्या चौकोनी पोलादी नळ्यांची, नळीचा पत्रा 1.6 मिलिमीटर जाड. हे काम मला सगळ्यात प्रिय. नळ्या सपाट फळीवर क्लॅम्पनं आवळायच्या, प्रत्येक सांध्याला वेल्डिंगचे नुसते छोटे टाके मारायचे आणि कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण जुळले की मगच पूर्ण वेल्डिंग, तेही सलग नाही: एक सांधा पुढे डावीकडे, दुसरा मागे उजवीकडे. वेल्ड थंड होताना आकसतो आणि अख्खी चौकट ओढून घेतो. घाई केली की चासिस वाकडी झालीच म्हणून समजा.

इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग) एका जुन्या माझदा एमएक्स-5 गाडीचं. ती हजार किलोच्या आसपास. माझी तिच्या जवळपास निम्म्यात बसवायचीय. म्हणून प्रत्येक ब्रॅकेट आधी वजनकाट्यावर जातो. पुण्याहून बाबा व्हिडिओ कॉलवर विचारतात, "दरवाजे कधी बसवणार रे?" दरवाजे नाहीतच, बाबा!

रस्त्यावर काढण्याआधी आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीला मंजुरी देणारी सरकारी तपासणी असते. बाहेरून हात लागेल अशा कडेला किमान 2.5 मिलिमीटरची गोलाई हवी. सध्या कानस घेऊन तेच चाललंय.