अहवाल नक्की कुणासाठी लिहितोय आपण?

सामाजिक संस्थांमध्ये 'कम्युनिकेशन' म्हटलं की हल्ली बहुतेकांच्या डोळ्यासमोर ठरलेली कामं येतात. इन्स्टावर पोस्ट टाकायच्या, वार्षिक अहवाल चांगल्या डिझायनरकडून करून घ्यायचा, कार्यक्रमाच्या बॅनरवर फंड देणाऱ्या कंपनीचा लोगो नीट दिसतोय ना ते बघायचं आणि महिन्याला एखादी सक्सेस स्टोरी फोटोसकट पाठवून द्यायची. मी याच कामात आहे, बरीच वर्षं वेगवेगळ्या संस्थांसाठी लिहितेय, त्यामुळे यात किती मेहनत असते ते मला चांगलं माहितीये, आणि हे बिनकामाचं आहे असं मी अजिबात म्हणणार नाही कारण पैसे आले नाहीत तर गावातलं काम थांबतं, कार्यकर्त्यांचे पगार थांबतात. पण यानं समाज बदलतो असं जेव्हा ट्रेनिंगमध्ये, कॉन्फरन्समध्ये सांगितलं जातं तेव्हा मला ते पटत नाही. ज्या माणसांबद्दल आपण बोलतोय त्यांच्यापर्यंत ती माहिती आधी पोचली का, आणि पोचल्यावर त्यांना तिचा काही उपयोग करता आला का, माझ्या मते सगळं यावर ठरतं.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात भक्कम उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग १९८६ मध्ये तिथे गेले आणि 'सर्च' या त्यांच्या संस्थेचं काम सुरू झालं. त्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि त्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आहेत असं निघालं. त्यातल्या जेमतेम ८ टक्के बायकांची आधी कधीतरी अशी तपासणी झाली होती. म्हणजे बाकीच्या अंगावर काढत होत्या, वर्षानुवर्षं, आणि त्याबद्दल ना नवऱ्याशी बोलणं ना डॉक्टरशी. जानेवारी १९८९ मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि तोवर जगभरात गावातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन एवढंच धरलं जायचं, त्याला मोठा धक्का बसला.

ही गोष्ट सांगताना लोक सहसा लॅन्सेटवर थांबतात. मला मात्र पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे हे निष्कर्ष गावात परत नेले गेले, बायकांच्या जागृतीसाठी आणि आरोग्यासाठी जत्रा भरवून. आता विचार करा, ज्या विषयावर बाई आपल्या सख्ख्या बहिणीशीही मोकळं बोलत नाही तो विषय गावात मांडायचा, आणि तो लाजेचा न राहता सगळ्यांचा होईल असा मांडायचा. शंभरातल्या ब्याण्णव जणींना त्रास आहे हे एकदा कळलं की बाईला वाटायला लागतं की हे फक्त माझ्याच नशिबी नाहीये, मी काही पाप केलेलं नाहीये. तोच आकडा डॉक्टरांसाठी पुरावा असतो आणि त्या बाईसाठी दिलासा, पण दिलासा व्हायचा तर तो तिच्यापर्यंत जायला हवा ना! आपल्याकडे किती सर्व्हे होतात आणि त्यातले किती असे परत जातात हो?

एका गावात आमची टीम फॉर्म भरायला गेली होती तेव्हा एका म्हाताऱ्या आजीनं फार सरळ विचारलं होतं, "मागच्या टायमाला बी लिवून नेलं बाई तुमी, त्याचं काय झालं?" तिला आमची संस्था वेगळी आणि मागची वेगळी असला फरक कशाला कळायला हवा. तिच्या दृष्टीनं शहरातून माणसं येतात, घरात काय काय आहे ते विचारतात, आणि जातात. हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

गडचिरोलीतलीच दुसरी गोष्ट, जी मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. लहान बाळाला न्यूमोनिया झालाय हे ओळखायचं तर मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं. गावातल्या बऱ्याच दायांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि पन्नास-साठपर्यंत आकडे मोजणंही जमत नव्हतं. आता बाकी कुणी म्हणालं असतं की आधी यांना साक्षर करू मग बघू. पण तिथे एक साधं यंत्र तयार झालं, वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ आणि सोबत मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, दहा झाले की पुढचा, आणि वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं तर बाळाला न्यूमोनिया आहे, औषध सुरू करायचं. बस. मला विचाराल तर हे कम्युनिकेशनच आहे, आणि फार वरच्या दर्जाचं. यात स्लोगन नाही, पोस्टर नाही, सेलिब्रिटी नाही, पण डॉक्टरकडचं ज्ञान दायीच्या हातात गेलंय आणि त्यावर ती स्वतः निर्णय घेऊ शकते.

पुढे नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याचा जो प्रयोग ३९ गावांत झाला, गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार करून, त्यात नवजात बालमृत्यूचा दर ६२ टक्क्यांनी खाली आला, १९९९ मध्ये तेही लॅन्सेटमध्ये छापून आलं. २०११ मध्ये केंद्र सरकारनं ही पद्धत देशभर आशांच्या कामात घेतली. आज तुमच्या घराजवळची आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येते, बाळाचं वजन करते, गुंडाळायचं कसं, पाजायचं कसं ते दाखवते, त्याचं मूळ या गावांत आहे. शास्त्रीय पुरावा आणि गावातल्या बाईला समजेल अशी मांडणी, दोन्ही नसतं तर हे झालं नसतं.

सरकारला हलवायला मात्र वेगळं बोलावं लागतं. २००१ मध्ये १३ संस्थांनी मिळून केलेला बालमृत्यूंचा अभ्यास 'कोवळी पानगळ' या नावानं बाहेर आला. सरकारी नोंदीत जेवढी मुलं मेलेली दिसत होती त्याच्या कितीतरी पट प्रत्यक्षात मरत होती, असं त्यात दाखवून दिलं होतं. एकट्या संस्थेनं हे म्हटलं असतं तर 'त्यांच्या भागापुरतं असेल' म्हणून बाजूला सारणं सोपं होतं. तेरा संस्था, वेगवेगळे भाग, एकच पद्धत, आणि अहवाल मराठीत, म्हणजे गावचा पत्रकारही वाचू शकतो आणि आमदारही. सरकारला दखल घ्यावी लागली, पुढे बालमृत्यूंचं मूल्यमापन करायला समिती नेमली गेली. आज संस्था एकमेकींशी त्याच त्याच फंडसाठी झगडत असतात, आपापला डेटा जपून ठेवतात, म्हणून तेरा जणांनी एकत्र मोजणं आणि एकत्र सांगणं याचं मला फार अप्रूप वाटतं.

दारूबंदीच्या आंदोलनातही असंच. दारू वाईट असते हे गडचिरोलीच्या बाईला कुणी शिकवायची गरज नव्हती, ती रोज भोगत होती. पण जिल्ह्यातले लोक वर्षाला दारूवर जेवढा पैसा घालवतात तो सरकार जिल्ह्याच्या विकासावर वर्षाला खर्च करतं त्यापेक्षा जास्त आहे, ही तुलना जेव्हा मांडली गेली तेव्हा घरातलं भांडण जिल्ह्याचा प्रश्न झालं. १९९३ मध्ये तिथे दारूबंदी लागू झाली आणि ती अजून आहे. चोरटी दारू येतेच, म्हणून नंतर 'मुक्तिपथ'सारखं दारू-तंबाखू कमी करण्याचं काम सुरू करावं लागलं, तो मोठा वेगळा विषय आहे.

आता अगदी वेगळ्या जातीचं उदाहरण घेते, पानी फाउंडेशन. इथे सुरुवातच टीव्हीच्या लोकांनी केली. आमिर खान, किरण राव, सत्यजित भटकळ, सगळी गोष्ट सांगण्यात मुरलेली माणसं. २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत वॉटर कप, म्हणजे पाणी अडवण्याच्या कामाची गावागावांतली स्पर्धा, झाली, ११६ गावं होती, कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. पुढच्या वर्षी ३० तालुके, २०१८ मध्ये ७५. तेव्हा काय वातावरण होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, ८ एप्रिल ते २२ मे, ऐन उन्हाळ्यात लोक पहाटे कुदळ फावडं घेऊन डोंगरावर, १ मेला शहरातून महाश्रमदानाला आलेली पोरं, गाणी, ढोल. अनेकांना वाटतं हे आमिर खानच्या नावावर झालं. नाव होतंच, त्याचा फायदा झालाच, पण माझ्या मते खरी मेख दुसरीकडे होती. फाउंडेशननं गावाला कामासाठी पैसे दिले नाहीत. दिलं ते ट्रेनिंग. गावातून निवडलेली माणसं, त्यात बायकाही, निवासी शिबिराला यायची, पाणलोट म्हणजे काय, माथा ते पायथा काम कसं करायचं, सीसीटी म्हणजे उतारावरचे सलग समतल चर कसे आखायचे, हे फिल्म बघून, खेळातून, प्रत्यक्ष शिवारात मोजून शिकायची आणि परत जाऊन गावाला शिकवायची. टीव्हीवर शेजारच्या तालुक्यातलं गाव दिसायचं, आपल्यासारखंच, दोन गटांत भांडणारं, आणि तिथले लोक एकत्र आलेले दिसायचे. ते बघून 'आपल्याकडे का नाही' हा प्रश्न पारावर निघायचा. जाहिरातीतून तो निघाला नसता.

तरीही यातलं जे खटकतं तेही लिहिते. स्पर्धा आली की मार्क आले, मार्क आले की आकडा वाढवायची ओढ आली, आणि मग काही ठिकाणी पोकलेन आणि जेसीबी रात्रंदिवस चालले, किती घनमीटर खोदलं यावर सगळं लक्ष. पाणी अडवणं कॅमेऱ्यात छान दिसतं. पाणी कमी वापरणं कसं दाखवणार? ऊस लावायचा की नाही, बोअर किती मारायचे, हे प्रश्न अवघड आहेत, गावात वैर आणणारे आहेत, आणि त्यावर ढोल वाजवून एपिसोड होत नाही. गोष्ट जेवढी जोरदार तेवढं तिच्या बाहेर राहिलेलं लोकांच्या नजरेतून सुटायची भीती असते. पण हे काम तिथेच थांबलं नाही, पुढे २०२० ला समृद्ध गाव स्पर्धा आली, तिच्यात पाण्याची बचत, माती, गवत, झाडं हे सगळं आलं, आणि २०२२ पासून फार्मर कप, ज्यात शेतकऱ्यांचे गट करून एकत्र शेती करायची आणि ऑनलाइन शेतीशाळेत तज्ज्ञांना थेट प्रश्न विचारायचे. यात पहिल्या वॉटर कपसारखं वादळ नाहीये, बातम्याही कमी येतात. मला हे जास्त टिकाऊ वाटतं.

पुण्यातलं मुक्तांगणही इथे आठवतं. अनिल अवचटांनी गर्द म्हणजे ब्राऊन शुगरच्या व्यसनावर लेखमाला लिहिली, पु. ल. आणि सुनीताबाईंनी ती वाचली, त्यांच्या प्रतिष्ठाननं पैसे दिले आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचटांनी व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. आधी लेखन, मग वाचणारा अस्वस्थ, मग पैसा, मग काम. आजच्या क्रमाच्या अगदी उलट ना, आता आधी फंड, मग प्रोजेक्ट, आणि शेवटी उरलेल्या पैशात 'डॉक्युमेंटेशन'.

हा क्रम असा का झाला त्यालाही कारणं आहेत. २०१३ चा कंपनी कायदा आला, १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, खर्च करणं आलं, खूप पैसा या क्षेत्रात आला आणि ते चांगलंच झालं. पण कंपनीचं वर्ष मार्चला संपतं आणि मार्चच्या आत आकडे, फोटो, कोट्स हवे असतात. व्यसन, जात, बाईवरची मारहाण, हे मार्चच्या हिशोबानं बदलत नाही, मग जे मोजता येतं आणि फोटोत येतं तेच काम जास्त होतं. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० मध्ये बदल झाला, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, तेव्हापासून छोट्या संस्थांना लिहिणारा, बोलणारा माणूस वेगळा ठेवणं आणखी जड जातंय. मग सगळं अंगावर येतं त्या फील्डवरच्या पोरीच्या, तिनंच मीटिंग घ्यायची, तिनंच फोटो काढायचा, तिनंच रात्री इंग्रजीत स्टोरी लिहायची.

आणि फोटोंबद्दल एकदा स्पष्ट बोलायलाच हवं. एका मोठ्या देणगीदारानं आमच्या ओळखीच्या संस्थेकडे 'आधीची अवस्था' जास्त ठळक दिसेल असे फोटो मागितले होते, म्हणजे मूल रडतंय, घर पडकं, असं. त्या मुलाची आई उद्या तोच फोटो मोबाइलवर बघणार आहे, तिच्या भावकीतले लोक बघणार आहेत, हे आपण कधी धरणार? आता गावागावात स्मार्टफोन आहे, 'ते कुठे वाचणारेत' हा समज कधीच सोडायला हवा होता. मी आता जे लिहिलं ते त्या माणसाला मराठीत वाचून दाखवल्याशिवाय पाठवत नाही. वेळ जातो. कधी कधी बाई म्हणते हे काढ, आणि नेमकी तीच ओळ देणगीदाराला सगळ्यात आवडली असती. काढते.

माझं मागणं खरं तर फार छोटं आहे. प्रपोजलच्या बजेटमध्ये सर्व्हेचा खर्च असतो, डेटा एंट्रीचा असतो, रिपोर्ट छपाईचा असतो, तिथे अजून एक ओळ टाका, निष्कर्ष गावात परत नेण्याचा खर्च. एक गाडी, दोन कार्यकर्ते, मोठ्या अक्षरांतले चार तक्ते, गावच्या बोलीत बोलणारं कुणीतरी, आणि संध्याकाळी कामावरून बायका परत आल्यानंतरची वेळ. फंड देणारे हे वाचत असतील तर त्यांनी स्वतःहून विचारावं, की हा आकडा आम्हाला दाखवण्याआधी तुम्ही कुणाला दाखवलात आणि ते काय म्हणाले. सध्या ज्या प्रपोजलवर काम चालू आहे त्यात मी ही ओळ टाकलीये, पुढच्या आठवड्यात ते जातंय.