कऱ्हाकाठचा उन्हाळा

कऱ्हा नदीवरच्या माझ्या लेखनाचा पहिला खर्डा या उन्हाळ्यात मोरगावापर्यंत येऊन पोहोचला, ही या वेळची पहिली आणि मला सर्वाधिक आनंद देणारी बातमी. कऱ्हा लहान नदी आहे. पुरंदर तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत, गराड्याच्या बाजूला ती उगम पावते, कोडीत आणि सासवड मागे टाकून जेजुरीजवळ नाझऱ्याच्या मल्हारसागर धरणात अडते आणि तेथून पुढे मोरगाव, बारामती करीत सोनगावाला नीरेला मिळते. वर्षातले कित्येक महिने तिच्या पात्रात वाळू, बाभळी आणि डबकी यांखेरीज फारसे काही दिसत नाही. तरीही संत सोपानदेवांनी समाधी घेतली ती हिच्याच काठी, मोरोपंतांनी आर्या रचल्या त्या हिच्याच काठच्या बारामतीत, आणि १३ ऑगस्ट १८९८ रोजी आचार्य अत्रे जन्मले ते कोडीतला; आपल्या आत्मचरित्राला त्यांनी याच नदीच्या पाण्याचे नाव दिले. पुण्याहून निघून दिवे घाट चढला की तासाभरात सासवड येते. इतक्या जवळच्या या नदीची उगमापासून संगमापर्यंतची सलग हकीकत आपणच लिहावी, असे मी गेल्या दिवाळीत ठरवले होते आणि ते काम आता अर्ध्याहून पुढे गेले आहे.

मोरगावच्या प्रकरणाला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला. अष्टविनायकांतला पहिला गणपती म्हणून मयूरेश्वराच्या दर्शनाला लोक येतात, दर्शन घेतात आणि पुढच्या गणपतीला निघतात. नदीकडे उतरणारे थोडे. मात्र मोरगावजवळ कऱ्हेच्या काठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा एक थर आहे. आपल्या पायांखालचा काळा पाषाणही ज्वालामुखीनेच घडवलेला. पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि इथलाच. ही राख त्या मानाने कालपरवाची आणि फार दुरून आलेली आहे. सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीशी संशोधकांनी तिचा संबंध जोडला आहे. ती तोबाच्या सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या महास्फोटातली की त्याहून कितीतरी आधीच्या स्फोटातली, यावर अभ्यासकांत दीर्घकाळ वाद चालला. याच परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारेही सापडली आहेत आणि या सगळ्याच्या अभ्यासात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांचा मोठा वाटा आहे. समुद्रापलीकडच्या डोंगराची राख आकाशातून येऊन आपल्या नदीकाठी बसावी आणि त्याच काठावर कोणीतरी दगडाला धार काढीत बसलेले असावे, ही कल्पना मला अजून नीटशी पेलत नाही. शाळांच्या सहली मोरगावला नेहमीच जातात. मंदिर पाहून झाल्यावर मुलांना अर्धा तास नदीकाठी नेऊन हे सांगावे, अशी माझी आग्रहाची विनंती मी ओळखीच्या सर्व शिक्षकांना केली आहे, आणि त्यातल्या दोघांनी ती मनावरही घेतली आहे.

याच कामासाठी मी मोडी शिकते आहे. सासवडच्या पुरंदरे घराण्याचा पेशवाईशी घनिष्ठ संबंध होता, त्यामुळे या परिसराविषयीचे कागद पुण्यात पुष्कळ आहेत: पुराभिलेखागारातील पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत, आणि १९१० साली इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे. अजून मला सलग ओळ वाचता येत नाही, अक्षरांचे वळण ओळखता येते. नदीकाठचा घाट, बंधारा, मळ्याचा पाट यांविषयीची एखादी नोंद स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावी, एवढीच सध्याची इच्छा आहे.

चैत्रात कावड निघाली. सासवडच्या पंचक्रोशीबाहेरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात शिखर शिंगणापूर आहे. तेथल्या शंभू महादेवाची यात्रा चैत्र शुद्धात भरते आणि तीत भुतोजी तेली यांच्या मानाच्या कावडीला मोठे स्थान आहे. लोक तिला प्रेमाने ‘तेल्या भुत्याची कावड’ म्हणतात. कऱ्हेचे पाणी घेऊन ही कावड सासवडहून पायी निघते आणि द्वादशीला मुंगी घाटाने डोंगर चढते. मुंगी घाट हा पायऱ्यांचा घाट नव्हे, तो उभा कडा आहे. खांद्यावर कावड घेतलेल्या माणसाला वरचा माणूस हात देतो, खालचा आधार देतो आणि माणसांच्या अशा साखळीने ती अवजड कावड, पाण्यासकट, ‘हर हर महादेव’च्या गजरात वर नेली जाते. रात्री त्या पाण्याने देवाला अभिषेक होतो.

यंदा मी कावडीबरोबर पहिला टप्पा चालले. नदीला त्या दिवसांत पाणी बेताचेच असते, आमचा तालुकाच अवर्षणप्रवण आहे. ज्या गावाला स्वतःला पाण्याची ओढ, त्या गावाने आपल्या नदीचे पाणी दूरच्या, तितक्याच कोरड्या मुलखातल्या देवासाठी पिढ्यान्‌पिढ्या खांद्यावरून न्यावे, या गोष्टीने मला लहानपणापासून भारावून टाकले आहे. वाटेत एका मानकऱ्यांना मी विचारले, “आबा, पात्र कोरडे असेल तर काय करता?” ते म्हणाले, “ताई, कऱ्हा कोरडी नसते, खाली असते. वाळू उकरली की येते.” माझ्या वहीतली ही नोंद प्रकरणाच्या आरंभी जशीच्या तशी जाणार आहे. त्याच्याच मागच्या पानावर दुसरी एक नोंद आहे. पुरंदर उपसा सिंचन योजनेतून मुळा-मुठेचे पाणी उचलून या तालुक्यात आणले जाते, म्हणजे पुणे शहराने वापरून सोडलेले पाणी आमच्या शेतांपर्यंत चढवले जाते. नदीविषयी लिहायचे तर या दोन्ही पाण्यांविषयी लिहायला हवे आणि दुसऱ्याविषयी अधिक सावधपणे, कारण ते ज्यांच्या विहिरींत उतरते त्यांचे म्हणणे मी अजून पुरेसे ऐकलेले नाही.

मार्च ते मे हा अंजिरांचा काळ असतो. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेव्हापासून बाहेरचे लोक नावाने अंजीर मागू लागले. त्याआधीही दिवे घाटाच्या माथ्यावर पाट्या घेऊन बसलेल्या बायकांकडून ते घेणारे पुणेकर होतेच. उन्हाळ्यात येणारा तो मीठा बहार. पावसाळ्याकडचा खट्टा बहार पूर्वी कोणी फारसा धरीत नसे, कारण ओलसर हवेत फळ गोडी धरीत नाही आणि पानांवर तांबेरा पडतो. मुरमाड, पाण्याचा निचरा होणारी जमीन आणि कोरडी हवा या ज्या गोष्टींमुळे बाकीची पिके इथे रडतात, त्यांवरच हे झाड खुलते.

या बागाईतदारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम आम्ही काही जणांनी हाती घेतले आहे. फळ पहाटे तोडावे लागते, कारण ऊन चढले की ते मऊ पडते. कच्चे तोडून आढीत पिकवण्याची सोय नाही, त्यामुळे झाडावर पिकल्यावरच तोडायचे आणि त्याच दिवशी बाजार गाठायचा. देठातून पांढरा चीक येतो आणि तो हाताला खातो. गुरोळीकडच्या एका आजींनी आपल्या बोटांवरचे डाग दाखवले आणि सासूने दिलेला सल्ला सांगितला: तोडणीला निघताना हाताला गोडेतेल चोळायचे आणि परत आल्यावर पाण्याआधी राख लावायची. करंडीच्या तळाशी अंजिराचीच पाने कशी अंथरायची, थर किती द्यायचे, वरचा थर कोणता, हे त्या इतक्या बारकाईने सांगत होत्या की ध्वनिमुद्रण संपल्यावरही आम्ही उठलो नाही. ही माहिती शेतीच्या पुस्तकांत मिळत नाही. पुस्तकांत छाटणी, खत आणि फवारणी असते; तोडणी करणाऱ्या बाईचे हात त्यांत नसतात.

या कामाला घाई आहे. पुरंदरच्या नियोजित विमानतळासाठी वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव या सात गावांची जमीन निवडली गेली आहे. यांतले खानवडी हे महात्मा जोतीराव फुले यांच्या पूर्वजांचे गाव. अंजीर, सीताफळ आणि पेरूच्या बागा या शिवारांत आहेत. विमानतळ व्हावा की नाही, यावर गावांगावांत आणि घराघरांत वेगवेगळी मते आहेत, आणि ज्यांची जमीन जाणार त्यांच्यावतीने बोलण्याचा अधिकार मला नाही. परंतु त्या बांधांवर कोणते झाड कोणी लावले, कोणत्या विहिरीवर किती घरांच्या मोटा चालत, सीताफळाच्या हंगामात पाटीचा भाव कोण ठरवी, हे आत्ता विचारले नाही तर पुढे विचारायला ते बांध नसतील, एवढे मला स्पष्ट दिसते. म्हणून सासवडमधले काही शिक्षक, दोन निवृत्त तलाठी आणि महाविद्यालयीन मुले मिळून रविवारी या गावांत जातो. लोक आम्हांला बसवून घेतात, चहा देतात आणि बोलू लागतात. एका घरी आम्ही निघताना घरधनी म्हणाले, “मोजणीला लई जण आले, ऐकायला तुम्हीच आलात.” परतीच्या वाटेवर आमच्यातले कोणीही बराच वेळ बोलले नाही.

मे महिन्यात सासवडच्या आमच्या वाचनालयात मुलांचे हस्तलिखित तयार झाले. पूर्वी प्रत्येक शाळेत वर्षाला एक हस्तलिखित निघत असे. सुंदर अक्षराच्या मुलाकडे लेखन, चित्रकलेत गती असणाऱ्याकडे मुखपृष्ठ, आणि उरलेल्यांनी मजकूर जमवायचा. ती पद्धत परत सुरू करावी असे आम्ही ठरवले आणि विषय दिला ‘आमच्या घरातली जुनी वस्तू’. अटी दोन होत्या: वस्तूची माहिती घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्यायची, आणि सांगणाऱ्याचे नाव शेवटी लिहायचे. मुलांनी पाटा-वरवंटा, अडकित्ता, मोटेचे चाक, आजोबांची सायकल यांवर लिहिले. पाचवीतल्या एका मुलीने आपल्या आजीच्या जात्याविषयी लिहिले आणि आजीने दळताना म्हटलेल्या ओव्याही उतरवून आणल्या. जात्यावरच्या ओव्यांचे फार मोठे संकलन हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यातूनच, गावोगावच्या बायकांकडून ऐकून उभे केले. त्यात लाखाच्या घरात ओव्या आहेत. त्या परंपरेतले एक पान आमच्या वाचनालयात दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या हातून लिहिले गेले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. हस्तलिखित वाचनालयात समोरच्या टेबलावर ठेवले आहे. ते घरी नेता येणार नाही, तिथेच बसून वाचावे.

१४ मे रोजी छत्रपती संभाजी महाराजांच्या जयंतीला पुरंदर किल्ल्यावर नेहमीप्रमाणे गर्दी होती. १६५७ साली त्यांचा जन्म याच गडावर झाला. मी यंदा वर गेले नाही. पायथ्याच्या गावांतून येणाऱ्या ज्योती सासवडच्या चौकात पाहिल्या. १३ जूनला अत्रे यांची पुण्यतिथी असते. त्या संध्याकाळी वाचनालयात त्यांच्या लेखांचे वाचन होईल आणि मी कोडीतवरचे माझे प्रकरण प्रथमच लोकांसमोर वाचणार आहे. ऐकणाऱ्यांत कोडीतची मंडळी असणार, त्यामुळे तयारी कसून चालू आहे.

आता सगळे गाव पालखीकडे डोळे लावून बसले आहे. ज्येष्ठ वद्यात ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला येते आणि दोन रात्री मुक्काम करते. त्याच वेळी द्वादशीला येथून सोपानकाकांची पालखी पंढरपूरकडे निघते. थोरल्या भावाची पालखी गावात असताना धाकट्याने वाटेला लागावे, हा क्षण पाहायला समाधी मंदिराबाहेर पाय ठेवायला जागा उरत नाही. ठरलेल्या दिंड्या ठरलेल्या वाड्यांत आणि घरांत पिढ्यान्‌पिढ्या उतरत आल्या आहेत. गेल्या काही वर्षांत बरेच वाडे पडले, त्यांच्या जागी इमारती आल्या. काही कुटुंबांनी तरीही वाहनतळात मांडव घालून आपल्या दिंडीला जागा दिली, काही दिंड्यांना मात्र नवा मुक्काम शोधावा लागला. कोणती दिंडी कोणत्या घरी, कधीपासून, त्या घरात तिच्यासाठी काय रांधले जाते आणि वाडा पाडल्यावर तिची सोय कुठे झाली, याची एक नोंदवही यंदा आम्ही करणार आहोत.

या नोंदवहीसाठी सासवडकरांची मदत हवी आहे. ज्यांच्या घरी दिंडी उतरते त्यांनी पालखीच्या आधीच्या रविवारी सकाळी वाचनालयात यावे आणि जमल्यास घरातल्या सर्वांत वडील माणसाला बरोबर आणावे. जुनी छायाचित्रे असतील तर ती आणावीत. तिथेच त्यांची प्रत काढून मूळ छायाचित्र लगेच परत दिले जाईल. पुण्याला किंवा आणखी दूर स्थायिक झालेल्या ज्यांचा वाडा आता राहिलेला नाही, त्यांनीही आठवते ते कागदावर लिहून सासवडच्या नातेवाइकांहाती पाठवावे. दिंडीचे नाव आठवत नसेल तर विणेकऱ्यांचे गाव लिहिले तरी चालेल, त्यावरून आम्ही पुढचे शोधू.