रोल संपवायचा म्हणून

चिपळूणच्या बाजारपेठेचे जुने फोटो हवे असतील तर चिपळुणात हिंडू नये, डोंबिवलीत बघावं. परवा दुपारी मामेबहिणीकडे गेलो होतो. तिने माळा आवरायला काढला होता आणि खाली उतरलेल्या पसाऱ्यात अल्बमची एक पिशवी होती. पेठेतल्या घरांमधले अल्बम २६ जुलै २००५च्या पुरात भिजले. वाळवून, पुसून ठेवलेले जे काही उरले होते ते २२ जुलै २०२१ला परत भिजले. भिजलेला अल्बम उघडून बघितलाय कधी? या पानावरची मुंज त्या पानावरच्या बारशाला चिकटून येते. वाचल्या त्या फक्त मुंबईच्या नातेवाइकांना ‘तुमच्यासाठी एक कॉपी’ म्हणून पाठवलेल्या प्रती.

मला एक खोड आहे. फोटोत माणसं असली की मी माणसं सोडून मागचं बघतो. ‘अरे, काकू बघ किती बारीक होती,’ असं बहीण म्हणते तेव्हा मी काकूच्या खांद्यामागून डोकावणारी पाटी वाचत असतो. पाटीचं अर्धं नाव काकूच्या अंबाड्याने झाकलेलं असतं. उरलेलं ‘आणि मंडळी’.

आमची पेठ अशीच दिसते, कुणाच्या तरी पाठीमागे. मुंबईच्या काळबादेवीचे फोटो काढून त्यांची पोस्टकार्डं निघाली, ती विलायतेपर्यंत गेली. चिपळूणचं तसं काही झालं नाही. तशी पेठ काही लहानसहान नव्हे. कुंभार्ली घाटाने देशावरचा माल खाली यायचा, वाशिष्ठीच्या खाडीतून गोवळकोटच्या बंदरापर्यंत गलबतं, मचवे यायचे आणि दोघांची गाठ इथे पडायची. पण आमच्या घरात तरी पेठेचा म्हणून फोटो कुणी काढला नाही. वरातीचा काढला, त्यात नवरदेवाचं तोंड फ्लॅशने पांढरंफटक आणि मागे काळोखात पेठ. शिमग्यात पालखीचा काढला, त्यात दुकानं बंद आणि गुलाल एवढा की पायऱ्याही दिसेनात. गणपती आणतानाचे फोटो आहेत, त्यांत छत्र्याच छत्र्या.

आणि पुराचे. पेठेचे सगळ्यात जास्त आणि सगळ्यात स्वच्छ फोटो पुराचे आहेत, हे बोलायला बरं वाटत नाही, पण आहे खरं. पुराचा फोटो माडीवरून किंवा गच्चीवरून काढतात. खाली जाणार कुठे? त्यामुळे एरवी कधी न दिसणारी पेठ वरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसते. मध्ये सायकल नाही, हातगाडी नाही, काकू नाही. शटर पाण्याखाली, पाट्या तेवढ्या वर. एकेक अक्षर वाचून घ्या. २००५चे फोटो मोजकेच, कारण त्या गडबडीत कॅमेरा शोधणार कोण. २०२१ला प्रत्येकाच्या हातात फोन. जिन्याच्या कुठल्या पायरीला पाणी कधी लागलं, तेसुद्धा फोटोंत सापडतं. त्याच पाण्यात १८६४ सालच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली कितीतरी पुस्तकं गेली. पुस्तकांच्या लगद्याचे फोटो आहेत. ती पुस्तकं कपाटात नीट उभी असतानाचा एखादा फोटो कुणाकडे असेल का, कोण जाणे.

मामाचं दुकान वाणसामानाचं. मे महिन्यात आम्ही तिथे असायचो तेव्हा आगोटीच्या बेगमीची घाई सुरू असायची. गुळाच्या ढेपा, मिरच्यांची पोती, कांदे, आणि पलीकडून सुक्या मासळीचा वास. मामी पदर नाकाला लावून तिथून जायची आणि घरी त्याच सोड्यांची खिचडी करायची. पण माझा जीव अडकलेला असायचा दुकान बंद करण्यात. तेव्हा शटर नव्हतं, फळ्या होत्या. उंबऱ्याच्या आणि वरच्या तुळईच्या खाचेत एकेक फळी बसवत जायची. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने आकडा. आमच्या तीनवर खडूने मारलेली कसलीतरी बेरीज होती, ती कधी कुणी पुसली नाही. पाचची फळी फुगलेली होती, तिला खालून लाथ घालावी लागे. ती लाथ घालायचा मान भाच्यांचा, त्यावरून भांडणं. मामा एवढंच म्हणायचा, ‘पाळीपाळीने घाला रे, फळी कुठे जात नाही.’

फळी गेली. पाचसुद्धा गेली. शटर आलं, त्याला पुरात पोक आलं, मग दुसरं आलं.

त्या फळ्यांचा फोटो कुणी काढेल? पण आहे! डोंबिवलीच्या पिशवीत सापडला. एका बारशाचा अल्बम, पाळणा, कुंची, आत्याबाईंची पाठ लाल होईस्तोवर धपके घालणाऱ्या बायका, आणि शेवटच्या पानावर, बारशाशी काही संबंध नसलेला, दुकानाच्या पायरीवरून काढलेला रस्त्याचा फोटो. रंग उडून सगळं तांबूस झालेलं. दुपारची वेळ असावी, सावल्या पायाखाली. समोरच्या दुकानाच्या फळ्या निम्म्या लावलेल्या, म्हणजे जेवणाची सुट्टी. त्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या उरलेल्या फळ्या, वरचे आकडे उलटसुलट. एक बाई काळी छत्री उघडून चाललीय. रिकाम्या हातगाडीवर एक माणूस पंचा तोंडावर घेऊन झोपलाय. मंगलोरी कौलांवर कुणीतरी टायर टाकलाय. कुत्रं. बस.

‘हा कशाचा गं?’ मी विचारलं.

‘कशाचा नाही,’ बहीण म्हणाली. ‘रोल संपवायचा राहिला असेल.’

आठवलं का? छत्तीस फोटोंचा रोल. बारसं चौतिसात उरकायचं आणि उरलेल्या दोनांसाठी रोल धुवायला देणं अडून राहायचं. घरातल्या सगळ्यांना घाई. मग कुणीतरी वैतागून दारात जाऊन खटखट करून मोकळा व्हायचा. कशावर रोखलाय हे बघायचंही नाही. आमच्या पेठेला वरात, पालखी आणि पूर सोडून स्वतःचा म्हणून जो एक फोटो मिळाला, तो अशा वैतागातून. मामाने काढला की मामेभावाने, यावर आमचं एकमत झालं नाही. मामा हयात नाही आणि भाऊ म्हणतो, मला आठवत नाही.

घरी येताना लोकलमध्ये मला हुक्की आली. चिपळूणला भाचा आहे, कॉलेजात जातो. त्याला मेसेज टाकला, उद्या दुपारी पेठेत उभा राहा आणि रस्त्याचा एक फोटो काढून पाठव.

‘कशाचा काढू मामा?’

‘कशाचाच नको. नुसता रस्ता.’

‘पण काय दिसलं पाहिजे?’

याला काय सांगणार? म्हटलं, दिसेल ते.

दुसऱ्या दिवशी फोटो आले. चांगले आले आहेत, लख्ख आहेत. प्रत्येकात तो स्वतः आहे, दोन बोटं वर करून. डाव्या कानामागून थोडं शटर दिसतं.