तुम्ही विचारलंत म्हणून : गाडीतला फोटो कुणाचा?

पेट्रोल भरताना, मंडईबाहेर गाडी लावताना, सिग्नलला शेजारी आलेल्या रिक्षातून, एकच प्रश्न मला कितीदा तरी येतो. "काकू, हे कोण ओ? तुमचे आजोबा काय?" माझ्या पांढऱ्या फियाटच्या डॅशबोर्डवर, लोक जिथं गणपती बसवतात तिथं, एक छोटा फोटो आहे. मागच्या आठवड्यात सांगलीत विश्रामबागला तुम्हीही हेच विचारलंत, मी तोंड उघडेपर्यंत सिग्नल सुटला. म्हणून आता निवांत सांगते.

ते शेठ वालचंद हिराचंद. माझे आजोबा नव्हेत, लांबच्या नात्यातलेही नव्हेत. पण "वालचंदला सोडा" असं म्हणून आपण सगळे रोज रिक्षात बसतो ना, त्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजाच्या नावातले वालचंद हेच. आणि ज्या गाडीत हा फोटो आहे, ती गाडी बनवणारा कारखानाही त्यांनीच काढला. हे सांगितलं की सांगलीची माणसं आधी माझ्याकडे बघतात, मग बॉनेटकडे.

माझे वडील, अण्णा, 1953 साली इथं सिव्हिल इंजिनिअरिंग शिकायला आले, तेव्हा कॉलेजचं नाव न्यू इंजिनिअरिंग कॉलेज होतं. धोंडूमामा साठ्यांनी 1947 मध्ये सुरू केलेलं. 1955 मध्ये वालचंदांचं नाव लागलं. अण्णा एका नावाच्या कॉलेजात शिरले आणि दुसऱ्या नावाच्या कॉलेजातून बाहेर पडले. हे नाव कुणाचं, याचा शोध त्यांनी तेव्हापासून घेतला तो आयुष्यभर. सोलापूरचा हा माणूस आधी बांधकामाचा कंत्राटदार होता, बोरघाटातले रेल्वेचे बोगदे त्यानं केले, याचं अण्णांना फार कौतुक. मुंबईला जाताना गाडी बोगद्यात शिरली की ते आम्हा भावंडांना गप्प बसवायचे. जणू देवळात आलोय.

मोटारीची गोष्ट मला स्वतःला सगळ्यात जवळची. 1939 मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. मोटार हिंदुस्थानात बनली पाहिजे, बाहेरून आणून नुसती विकायची नाही, हा ध्यास. फोर्डशी बोलणी फिसकटली. क्रायस्लरशी 1940 मध्ये करार झाला, तर महायुद्ध पेटलेलं आणि ब्रिटिश सरकार मदतीला तयार नाही. दुसरा कुणी असता तर कागद गुंडाळून साखर कारखान्याकडे वळला असता, तो तर त्यांचा होताच. यांनी त्याच दोन वर्षांत बंगळुरूला विमानांचा कारखाना काढला आणि विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा पाया घातला. मोटारही सोडली नाही. 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली आणि 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. स्वातंत्र्याचं वर्ष. अण्णा हे साल सांगताना दरवेळी थोडे थांबायचे.

मला मात्र पुढचं चटका लावतं. 1949 मध्ये त्यांना पक्षाघात झाला, पुढच्या वर्षी त्यांनी कामकाज सोडलं आणि 8 एप्रिल 1953 ला ते गेले. त्यांच्या प्रीमियरची फियाट 1100 आली 1954 मध्ये. पुढं जिची डिलाइट झाली, मग पद्मिनी झाली, जी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली आणि आपल्याकडच्या कितीतरी नवरानवरींची वरातीची गाडी झाली, ती त्यांनी पाहिलीच नाही. म्हणून फोटो काचेकडे तोंड करून ठेवलाय. रस्ता दिसावा.

आमची पद्मिनी 1979 ची. नंबर लावून किती वर्षं वाट पाहिली, ते आई अजून सांगते. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला. अण्णांनी मला त्यावर गाडी शिकवली तेव्हा आधी आठवडाभर बंद गाडीत नुसते गिअर टाकायला लावले, डोळे मिटून. आजही हात आपोआप जातो. थंडीत सकाळी चोक ओढायचा, किल्ली फिरवायची, इंजिन धरलं की कानानं अंदाज घेत चोक हळूहळू आत सोडायचा. घाई केली की बंद पडणार. ही सवय हाताला लागली की माणूस गाडीशी बोलायला लागतो, निदान मी तरी बोलते.

बॉनेटखाली कंपनीची पत्र्याची पट्टी आहे. दर रविवारी मी ती मऊ फडक्यानं पुसते. कंपनीचं नाव, खाली बॉम्बे. अक्षरांच्या खाचांत धूळ बसते, ती जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढावी लागते. कुणी "विकणार का?" म्हणून विचारलं, आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाल्यापासून फारच विचारतात, की मी बॉनेट उघडून ती पट्टी दाखवते. बहुतेकांना उत्तर कळतं.

दर 8 एप्रिलला आम्ही चार-पाच फियाटवाले सकाळी कॉलेजच्या फाटकासमोर गाड्या लावतो. भाषण नाही, हारतुरे नाहीत. एकाच्या डिकीतून थर्मासमध्ये चहा येतो, कुणी भडंग आणतं, आणि कार्ब्युरेटर, रबर पॅकिंग, आता टायर कुठं मिळतात यावर तासभर बोलणं होतं. यंदा एक पोरगा सॅक अडकवून वर्गाला निघालेला, थांबला. फोटोकडे बघून म्हणाला, "हे तर आमच्या कॉलेजचे." मी म्हटलं, "आणि माझ्या गाडीचे." त्यानं दार उघडायची परवानगी मागितली. बसला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि गिअर शोधायला डावा हात खाली सीटशेजारी नेला.

"वर बघ," मी म्हटलं. "आणि आधी डोळे मीट."