डनलूसची केरसुणी

भुतानं काय करावं? पिंपळावर लोंबकळावं, फार तर वाटसरूकडे तंबाखू मागावी. डनलूसच्या किल्ल्यातली मेव्ह रो मात्र केर काढते.

उत्तर आयर्लंडमध्ये अँट्रिमच्या किनाऱ्यावर, समुद्रात घुसलेल्या कड्यावर हा पडका किल्ला आहे. कातळ काळा, बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा. त्यामुळे पूल ओलांडताना उगीच माहेरची ओळख निघाल्यासारखं वाटलं. बापानं, म्हणजे मॅकक्विलननं, ठरवलेलं लग्न मेव्हनं नाकारलं, म्हणून त्यानं तिला बुरुजात कोंडलं. ती प्रियकराबरोबर होडीतून पळाली आणि होडी कड्यावर आपटून फुटली. बापानं कोंडलं, समुद्रानं बुडवलं, आणि मेल्यावर हातात काय आलं, तर केरसुणी!

पुढे किल्ला मॅकडॉनेलांकडे गेला. त्यांच्यातला सॉर्ली बॉय गाजलेला. हा 'बॉय' म्हणजे पोरगा नव्हे, आयरिशमधला 'पिवळा'. केस सोनेरी होते म्हणून. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराचं 'जिरोना' जहाज जवळच फुटलं, हजारावर माणसं गेली. सॉर्ली बॉयनं त्याच्या तोफा काढून आपल्या देवडीत बसवल्या. त्या हजारांच्या भुतांचं कुणी काही बोललं नाही. सगळ्यांच्या तोंडी मेव्हच.

आणि स्वयंपाकघर. १६३९ च्या एका वादळी रात्री ते आचाऱ्यांसकट समुद्रात कोसळलं, कोपऱ्यात बसलेला एक पोऱ्या तेवढा वाचला, असं सांगतात. कुणी म्हणतं पोऱ्या नव्हे, भांडी सांधणारा फिरता कारागीर. मालकीणबाई त्यानंतर म्हणे तिथं राहीनात. आता गंमत अशी, की स्वयंपाकघर जागेवरच आहे. छप्पर नाही, पण चुलाण्यांच्या कमानी धडधडीत समोर दिसतात. एवढ्यावरून गोष्ट सांगायचं कोण थांबवतंय! ताटं मांडलेली, मंडळी वाट बघतायत आणि आतून स्वयंपाकघरच गायब, हे चित्रच असं आहे की माझ्याही पोटात गोळा आला.

निघता निघता मेव्हच्या बुरुजात डोकावले. जमीन खरंच लख्ख. अर्थात वरून उघडं, खालून समुद्र, आणि वारा असा की ओढणी दोन्ही हातांनी धरावी लागली. केर टिकणार कुठं? फक्त एका खाचेत चॉकलेटचा चुरगळलेला कागद अडकला होता. तो काढून पर्समध्ये टाकला. तिला तेवढंच एक काम कमी.